दारावरचं 'मा'

मामा, तुझी तेरवी होऊन आठ दिवस झाले आणि मी परत तुझ्याशी भांडायला बसलो आहे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुझी गेली असेल, माझी अजून शाबूत आहे. फरक एवढाच की या वेळी मी हरणार आहे, निदान बराचसा, आणि ते मला आधीच माहीत आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "मंग बसतं काहून? जा, चाय सांग."

तू कोण होतास आणि किती वर्षं नोकरी केलीस ते तेरवीच्या दिवशी सांगून झालं. तुझ्या हिवताप खात्यातल्या एका निवृत्त साहेबांनी भाषण केलं आणि त्यात 'कर्तव्यदक्ष' हा शब्द पाचदा आला. मी मोजत नव्हतो, मामी मोजत होती. मला तेव्हा तुझी सायकल दिसत होती. कॅरिअरला पत्र्याची पेटी, पेटीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा कापूस, दोन डब्यांत दोन तऱ्हेच्या गोळ्या, आणि हँडलला अडकवलेला गेरूचा डबा. पातूरच्या आजूबाजूच्या गावांतून तू दारोदार जायचास. "ताप आला का कोनाले?" हा तुझा पुकारा. ज्याला ताप आला त्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि निघताना दाराच्या मागच्या अंगाला गेरूने तारीख टाकायची. लग्नपत्रिकेवर घालावं असं तुझं अक्षर, आणि ते सगळं दारांमागे गेलं.

तुझा खरा वैरी डास नव्हता. तुझा वैरी होता एक शब्द, 'सोसत नाही'. "साहेब, आमाले ते गोळी सोसत नाही." कोणी म्हणे उष्ण पडते, कोणी म्हणे मळमळतं, कोणी म्हणे आमच्या घराण्यातच चालत नाही. लोक तुझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचे आणि तू वळलास की गोठ्यात थुंकायचे. मग तू तुझं हत्यार काढायचास. डबा उघडून एक गोळी बिनपाण्याने स्वतः गिळायची आणि दारात उभं राहून म्हणायचं, "हे पाय. मी खाल्ली. मेलो का?" लोक हसायचे आणि हसता हसता गोळी घ्यायचे. मामी म्हणायची, सरकारच्या अर्ध्या गोळ्या आमच्याच घरात संपून राहिल्या.

मला तो पुरावा फार आवडायचा. मी एकोणीस वर्षांचा, अमरावतीला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला. तू माझ्याहून बाराच वर्षांनी मोठा, आईचा धाकटा भाऊ, त्यामुळे तुला अहो-जाहो करायचं कधी सुचलंच नाही. आपल्या दोघांचं एका गोष्टीवर पक्कं जमायचं. घरातल्या बायका जे 'सोसत नाही' म्हणतील ते करून दाखवायचं.

त्याच झोकात आपण कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो आणि एका नावेत बसलो. मामा-भाच्याने एका नावेत बसू नये, हे माझ्या आत्याने निघताना दोनदा सांगितलं होतं. नावाड्यानेही विचारलं, "मामा-भासे त नाही ना?" तू म्हणालास, "बापलेक आहो." माझ्याहून बारा वर्षांनी मोठा बाप पाहून नावाडी हसला, पण त्याने नाव सोडली. मधोमध पोचल्यावर मला जरा भीती वाटली, ती तुला दिसली. तू म्हणालास, "भेऊ नको बे. रुक्मिणीचं माहेर हाये हे. माहेरी कोनी बुडत नाही." वर्धेचं पाणी उन्हात चमकत होतं आणि तू खारे दाणे खात होतास. मामा, मला आयुष्यातला कुठला एक दिवस परत मागता आला तर मी तोच मागेन.

तिथून मी सुट्टीसाठी तुझ्याबरोबर पातूरला आलो आणि काही दिवसांतच हुडहुडी भरून ताप आला. माझ्या बोटाला सुई तूच टोचलीस. मलेरिया निघाला. तू दोन्ही डबे काढलेस तेव्हा जिजी, म्हणजे तुझी मावशी, भाजी निवडता निवडता म्हणाली, "वसंता, ते बारकी गोळी पोट्ट्याले देऊ नको. आपल्या बायायच्या पोरायले ते सोसत नाही. तुया मोठ्या भावाचं काय झालं, इसरला का?"

तुझा मोठा भाऊ आठव्या वर्षी तापात गेला होता. कसलंसं औषध दिलं, लघवी काळी झाली आणि चार दिवसांत खेळ आटोपला. तू तेव्हा पाळण्यात होतास. तू जिजीला म्हणालास, "जिजी, सारं गाव हेच म्हन्ते. घरात तरी म्हनू नोको." आणि माझ्यासमोर एक गोळी गिळलीस. "हे पाय. मी खाल्ली. मेलो का?" मीही हसलो आणि गिळली. हे मला आज नीट लिहून ठेवायचं आहे, की जिजीला तुझ्याहून जास्त मी हसलो होतो. फार्मसीचं पुस्तक उशाशी होतं माझ्या.

तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळे पिवळे पडले, उठून बसलं तरी धाप लागायची. तू रस्त्यात आडवा उभा राहून एक टेम्पो थांबवलास आणि मला कांद्याच्या पोत्यांवर निजवून अकोल्याच्या दवाखान्यात आणलंस. रक्त कमी पडलं तेव्हा तुझंच दिलंस. ते मात्र मला सोसलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून सगळे आले. आत्याने पलंगाशी उभं राहून नावेची गोष्ट काढली. म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं, मामा-भाचे एका नावेत बसले की असंच होतं. तू पलंगाच्या पायथ्याशी होतास, सदऱ्यावर कांद्याची सालं तशीच. तू आत्याला म्हणालास, "नाव नाही, ताई. गोळी. मी देल्ली." बस, एवढंच. त्यानंतर तुझ्या तोंडून त्या दिवसाबद्दल याहून जास्त मी कधी ऐकलं नाही. आणि त्यानंतर तू कुठल्याच दारात गोळी खाऊन दाखवली नाहीस.

तीन वर्षांनी शिक्षण संपल्यावर एकदा मी तुझ्याबरोबर दिवसभर हिंडलो होतो, आठवतं? तुझ्या सायकलीमागे माझी सायकल. एका दाराच्या मागे तारखेशेजारी गेरूनेच लिहिलेलं बारीक 'मा' दिसलं. पुढच्या दहा दारांवर नव्हतं, मग परत एका दारावर होतं. मी विचारलं, हे काय? तू ब्रश डब्यात बुडवत म्हणालास, "ट्रेडमार्क हाये आपला. मामाचं मा." मला ते खरंच वाटलं. तुझ्यासारख्या माणसाला आपलं नाव कुठेतरी लिहावंसं वाटत असेल, आणि सबंध नाव लिहायची लाज वाटत असेल, असा मी समज करून घेतला. आणखी एक दिसलं होतं. गोळी द्यायच्या आधी तू घरातल्या सुनेला जरा बाजूला घेऊन हळूच काहीतरी विचारायचास. संध्याकाळी मी मामीला चिडवलं, "मामा दारोदारी बायांशी गुलुगुलु बोलतो, लक्ष ठेव." मामी नुसती हसली.

पुढे मी अमरावतीच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागलो आणि विषयही तोच घेतला, औषध अंगात गेल्यावर त्याचं काय होतं. तिथे मला माझी काळी लघवी पुस्तकात सापडली. रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, जी-सिक्स-पीडी नावाचं. काही माणसांत ते जन्मजात कमी असतं. अशी माणसं एरवी ठणठणीत असतात, पण ठरावीक औषधं पोटात गेली की पेशी फुटायला लागतात. मलेरियाची ती बारकी गोळी त्यांतली पहिली. मी नागपूरला जाऊन रक्त तपासून आणलं. कमी निघालं.

ते सगळं वाचताना मला कोण आनंद झाला होता, मामा. आजाराचं नाव सापडलं की माणसाला वाटतं गुन्हेगार सापडला. औषधं बनतात सगळ्यांसाठी एकसारखी, पण ती घेणारी अंगं एकसारखी नसतात. कोणाचं यकृत औषध भराभर संपवतं, की गोळी लागूच पडत नाही. कोणाचं इतकं सावकाश, की नेहमीचा डोसही विषासारखा होतो. आपल्याकडे 'लागू पडलं नाही' आणि 'सोसलं नाही' असे दोन शब्द याच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तयार होते आणि आम्ही शिकलेली माणसं त्यांना हसत होतो. हे मी वर्गात फार रंगवून सांगायचो. त्याच्यापुढे तुझी गोष्ट यायची. एक आरोग्य कर्मचारी होता, भला माणूस, पण त्याने गोळी द्यायच्या आधी एक प्रश्न विचारला नाही. नाव घेत नव्हतो एवढंच. पंचवीस वर्षं वर्गातल्या पोरांनी वहीत उतरवून घेतलेला वाईट दाखला म्हणजे तू आहेस.

पण वर्गातलं तुला कळलं नाही. बारशातलं कळलं.

सायलीचं, माझ्या मुलीचं, बारसं होतं. अमरावतीच्या घरात पुढच्या खोलीत सगळे बसलेले, आई मांडीवर सायलीला घेऊन, शेजारी आत्या, बाबा. तू अकोल्याच्या सराफ्यातून चांदीचे वाळे घेऊन आला होतास. चहा झाला आणि मी बारशाच्या आमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढायला बसलो. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. हा दोष आईकडून येतो, हे मला तुला समजावून द्यायचं होतं. तुझ्या आईकडून तो थोरल्या मामाला आला, तुला नाही आला. एका आईच्या पोटचे दोन भाऊ, एकाला सोसत नाही, एकाला सोसतं. माझ्या आईकडे तो गुपचूप राहिला, कारण बाईला सहसा त्याचा त्रास होत नाही, ती नुसती वाहून नेते. माझ्यात तो उघडा पडला. माझ्याकडून सायलीकडे गेलाच असणार, मुलगा झाला असता तर गेला नसता. मी म्हणालो, तू स्वतः गोळी खाऊन दाखवायचास, तो पुरावा तुझ्या अंगाचा होता, माझ्या नव्हे. तू सगळं असं ऐकत होतास जणू पहिल्यांदाच ऐकतो आहेस. त्यामुळे मला चेव आला.

"जिजीनं सांगितलं होतं," मी म्हणालो. "घराण्याला नव्हती म्हणाली ती. बायांच्या पोरांना म्हणाली होती. सगळं शास्त्र एका वाक्यात सांगितलं होतं तिनं. इतकी दारं हिंडला तू, मामा. एक प्रश्न विचारता आला नाही? एक?"

मग आत्या म्हणाली, "म्हंजे वयनीच्या माहेरचंच निघालं म्हना हे. आमी उगाच नावेले बोल लावला."

आईने मान खाली घातली आणि सायलीला थोपटत राहिली. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस, आईकडे पाहत होतास. मग कप माझ्याकडे सरकवलास. "चाय घे, अरुण्या. थंडी होऊन राहिली."

मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर आपण काही बोलणं सोडलं नाही. हुरड्याला आलो, लग्नांना गेलो, तू निवृत्त झालास तेव्हा तुझ्या सायकलीला हार घालायची कल्पना माझीच. पण तो विषय आपण परत काढला नाही. आत्याने मात्र सोडला नाही. घरात कोणाला साधी कावीळ झाली तरी ती म्हणायची, "वयनीच्या माहेरचा आहेर." आम्ही हसायचो. आई हसायची नाही, हे मला आत्ता, ती जाऊन सहा वर्षं झाल्यावर, लक्षात येतं आहे.

आता तेरवीच्या दिवशीचं ऐक. जेवणं उरकत आली होती. एक म्हातारी दारात आली, बरोबर चाळिशीचा एक माणूस, दाढी पिकायला लागलेली. मला म्हणाली, "मायकेवाले साब का घर येइच है ना?"

मी म्हणालो, नाही, चुकलात तुम्ही. तेवढ्यात मामी आतून आली आणि म्हणाली, "या, रशीदाबी. या घरात."

मामा, तुला गावात 'मायकेवाले साब' म्हणत होते आणि मला साठाव्या वर्षी ते दारात उभं राहून कळावं? रशीदाबीच्या घरी पत्र्याच्या पेट्या करायचा धंदा. बरोबरचा माणूस तिचा मुलगा सलीम. बसल्या बसल्या तिने सांगितलं, "ये इस्कूल में डाला उसी साल का किस्सा है. इसकू बुखार आया. साब ने काँच पे खून लिया, दो दिन बाद गोली लेके आये. देने के पैले मेरे कू बाजू में बुलाये. पूछे, बहन, तुमारे मायके में ये छोटी गोली किसी कू नई सोसी क्या? काला पेशाब हुआ क्या किसी कू? मैं बोली, हाँ, मेरे भाई कू हुआ था, मरते मरते बचा. तो साब गोली वापस डिब्बे में डाले. दूसरे दिन खुद एसटी में बिठाके अकोला ले गये, बड़े डाक्टर कू दिखाये. और दरवाजे पे 'मा' लिख दिये."

मी विचारलं, "मा म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली, एवढंही कसं कळत नाही म्हणून. "मा मतलब मायका. और क्या? साब बोलते थे, तुमारा मायका, हमारा माहेर, दोनों का मा एकइच है. और सास पूछी तो बोलना, मलेरिया मारने का मा है."

सलीम तिच्या शेजारी बसून बुंदी खात होता. तो शाळेत गेला त्या वर्षी माझी सायली जन्मलीही नव्हती. म्हणजे बारशात मी पत्रिकेच्या पाठीवर चौकोन-गोल काढून तुला विचारत होतो की एक प्रश्न विचारता आला नाही का, तेव्हा तू तो प्रश्न कित्येक वर्षं दारोदार विचारत होतास. आणि मी तुझ्या मागून सायकल घेऊन हिंडलो होतो, ते 'मा' डोळ्यांनी पाहिलं होतं. शिकलेल्या माणसाला वाचता येतं, हा एक भ्रमच म्हणायचा.

ती दोघं गेल्यावर मी मामीजवळ बसलो. मामी पदराने चष्मा पुसत होती. मग म्हणाली, "तुमची आई गेली, आता हेही गेले. आता सांगाले हरकत नाही. तुमी अकोल्याले दवाखान्यात होते ना, तवाच तिथल्या डॉक्टरीनबाईनं यायले वऱ्हांड्यात नेऊन सांगतलं होतं. नुसत्या गोळीचं नाही, रक्ताचं हाये, आईकडून येते, म्हने. हे घरी आले अन् मले शपथ घातली. म्हने, अक्काच्या, म्हंजे तुमच्या आईच्या, सासरी समजलं त तिले जनमभर आयकाव लागन. माझ्या गोळीवरच राहू दे."

"माझ्या गोळीवरच राहू दे." मामा, मी ते वाक्य घेऊन पातूरहून अमरावतीपर्यंत आलो. सुनंदा, माझी बायको, शेजारच्या सीटवर होती. अमरावती जवळ आल्यावर तिने विचारलं, रडता आहात का? मी म्हणालो, हो.

आता भांडण. मला वाटतं तू चुकलास, अजूनही. मला सांगायला हवं होतंस. आईला नको, बाबांना नको, पण मला. मी बावीस वर्षांचा घोडा तुझ्या मागून सायकल चालवत होतो, 'ट्रेडमार्क' काय म्हणालास? आणि दारांना पुढे ऑइलपेंट लागला. तुझ्यानंतर आलेल्या माणसाला ते अक्षर कळलं असेल का? एखाद्या पोराच्या जिवाची गोष्ट अशी एका अक्षरात लपवून ठेवू नये. तू म्हणशील, लपवली नसती तर बायांनी सासरच्या दारात उभं राहून खरं सांगितलंच नसतं. तेही खरं आहे. पण आता तू चहा पुढे करून माझं तोंडही बंद करणार नाहीस. बारशाची माफी मात्र मागतो. आईचीही मागायची राहिली आहे, ती भेटली तर तिला सांग.

हे सगळं आत्ताच का उपसतो आहे, तेही सांगतो. तू गेल्यावर नवव्या दिवशी सायलीला मुलगा झाला. ती बाळंतपणाला आमच्याकडे, माहेरी आली होती. सुनंदाची बहीण म्हणाली, मामाच परत आले. मी मनात म्हटलं, बघू. जन्मल्या जन्मल्याच मी डॉक्टरांना त्याचं रक्त तपासायला लावलं आणि आठवड्याने कागद आला. विकर कमी. तू नाहीस तो. तू असतास तर तुला सोसलं असतं. तो माझ्यासारखा निघाला, म्हणजे थोरल्या मामासारखा, आणि मी त्याला हातात घेऊन एवढंच म्हणालो की बाबा, तू आठ वर्षांचा होशील, साठ वर्षांचा होशील.

काल बारसं झालं. अकोल्याहून व्याही आणि विहीणबाई आले. सुनंदा सकाळपासून माझ्या मागे होती, "आज काही बोलू नका. सासरची माणसं आहेत. पोरीला ऐकावं लागेल. नंतर तिच्या नवऱ्याला सावकाश सांगू." मी हो म्हणालो. मला तुझं वागणं नुकतंच कळलं होतं, आणि मला वाटलं गप्प बसणं म्हणजेच तुझा मान ठेवणं.

मग विहीणबाईंनी पिशवीतून एक दुपटं काढलं. जावयाच्या बारशाचं, तीस वर्षं पेटीत जपून ठेवलेलं, निळ्या फुलांचं. त्याचा वास खोलीभर पसरला. डांबरगोळ्यांचा. मामा, विकर कमी असलेल्या तान्ह्या पोराच्या रक्तपेशी फुटायला तो वासही पुरतो, हे मीच वर्गात शिकवलं आहे. विहीणबाईंनी दुपटं झटकलं आणि बाळासाठी हात पुढे केले. सायलीने माझ्याकडे पाहिलं. सुनंदाने जमिनीकडे पाहिलं. तीच खोली होती, आणि मी बसलो होतो तोही तिथेच, जिथे बसून आकृती काढली होती.

मी उठलो आणि दुपटं त्यांच्या हातातून घेतलं. म्हणालो, "विहीणबाई, हे सुंदर आहे, पण याला हे सोसत नाही." आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द कोणाला शिकवायला नव्हे, तर तुझ्या दारांतल्या लोकांसारखा वापरला. "डांबरगोळी नाही, मलेरियाची एक गोळी नाही, अजून चार औषधं आहेत, मी लिहून देतो. याच्या आईचा यात काही दोष नाही. मला सोसत नाही. एकोणिसाव्या वर्षी मरता मरता वाचलो मी. हे माझं आहे, माझ्याकडून आलं आहे. कोणाला बोल लावायचा असेल तर मी इथं बसलो आहे."

विहीणबाई म्हणाल्या, "अवो, त्याच्यात बोल काय लावाचा भाऊ? आमच्या यायले वांगं सोसत नाही, तीस वर्षं झाले, मी सांगाले गेली का कोनाले?" व्याही हसले. सगळेच हसले. सुनंदा तर इतकी हसली की तिला आत जावं लागलं. दुपटं मी गच्चीवर नेऊन ठेवलं आणि बाळाला सुनंदाच्या जुन्या मऊ साडीत गुंडाळलं.

संध्याकाळी बाळाची फाइल घेऊन बसलो. काय द्यायचं नाही त्याची यादी मोठ्या अक्षरात लिहिली, मराठीत, कोणालाही वाचता येईल अशी. हे माझ्या बाजूचं. मग कोपऱ्यात लाल पेनाने एक अक्षर लिहिलं. तेवढं तुझ्या बाजूचं.

विहीणबाई निघता निघता फाइल चाळत होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "हे सारं समजलं, भाऊ. पन हे 'मा' काय हाये?"

"मामाचं," मी म्हणालो.